परशुरामभटांच्या आंघोळी

कल्याणात पारनाक्याच्या आसपास त्या काळी सोवळ्यात रांधणारे आचारी दोन-चार तरी होते. पण ज्या घरी एवढीशी चूकही खपायची नाही, त्या घरचा सांगावा एकाच माणसाला जाई, परशुरामभटांना. कारण स्वयंपाक चालू असताना हा गृहस्थ तीन-तीन, चार-चार वेळा विहिरीवर जाई, डोक्यावरून घागरी ओतून घेई आणि ओलेत्याने पुन्हा चुलीपाशी येऊन उभा राही. कुणाची सावली पडली असेल, कुणाचं लुगडं घासून गेलं असेल, निदान मनात काही वावगं तरी आलं असेल, असे अंदाज घरातल्या बायका बांधत आणि भक्तिभावाने हात जोडत. खरी गोष्ट एवढीच होती की परशुरामभटांना उलटी व्हायची. उलटी झाली की सोवळं मोडतं आणि सोवळं मोडलं की आंघोळ करावी लागते. याच्यापलीकडे त्यात अध्यात्म बिध्यात्म काही नव्हतं.

माणूस मूळचा दापोलीकडचा. मामाचं बोट धरून कल्याणात आला, मामाच्याच हाताखाली विस्तव फुंकायला शिकला आणि मामा गेल्यावर त्याची पळी, झारा आणि यजमान असं सगळंच याच्याकडे आलं. घाटातून आगगाडी जायला लागून वीसेक वर्षं झाली होती आणि प्लेगाचं नाव अजून कुणी ऐकलं नव्हतं, तेव्हाची ही गोष्ट. देह धिप्पाड, आवाज मात्र बारीक. मिठाची मूठ भरून तपेल्यात टाकली की टाकली, पुन्हा बघणं नाही. नैवेद्य झाल्याशिवाय आचाऱ्याला चव घेता येत नाही, तेव्हा सगळी भिस्त हातावर आणि नाकावर. त्या नाकाचा परशुरामभटांना फार अभिमान होता. आमटीला उकळी कधी फुटणार हे मी वासावरून सांगतो, असं ते म्हणत, आणि सांगतही.

त्याच नाकाने दगा दिला. ठाण्याला मासुंदा तळ्याजवळच्या एका घरी मुंज होती. परशुरामभट मागच्या अंगणात तांदूळ निवडून घेत बसले होते, आणि एकाएकी त्यांना गूळ जळल्याचा वास आला. "रघु, गूळ लागला रे!" असं ते ओरडले. रघु हा त्यांचा जोडीदार, चांगला चाळिशी उलटलेला, शांत माणूस. तो म्हणाला, "गूळ अजून फोडलासुद्धा नाही." एवढं ऐकू आलं, मग काहीच ऐकू आलं नाही. डोळे उघडले तेव्हा ते तांदळात आडवे पडले होते, जीभ दातांखाली चावली होती आणि रघु शेजारी बसून वारा घालत होता. दैव बलवत्तर म्हणून जवळ चूल नव्हती आणि अंगणात तिसरं कुणी नव्हतं.

फेफरं होतं ते. पुढे महिन्या-दीड महिन्याने पुन्हा आलं, मग पुन्हा. दर वेळी आधी गूळ जळायचा. आता आचाऱ्याला फेफरं येणं म्हणजे काय, हे काही फोड करून सांगायला नको. समोर कढईत तूप कडकडत असतं, तपेल्यात वरण रटरटत असतं, आणि खाली चुलाणात लाकडं धडधडून पेटलेली असतात. त्यात पडला तर माणूस गेला. आणि न पडता नुसतं गावात कळलं तरी गेलाच, कारण असल्या आचाऱ्याला चुलीपाशी उभं कोण करील? ही गोष्ट रघुला माहीत होती आणि परशुरामभटांच्या बायकोला, गोदाला. गावाच्या कानी तिघांनीही जाऊ दिली नाही.

गोदाने अंगारे आणले, ताईत बांधला, एका वैद्याचं चाटण महिनाभर चाटवलं. शेवटी तिनेच हट्ट धरला म्हणून परशुरामभट सरकारी दवाखान्यात गेले. तिथले डॉक्टर ठाण्याचे प्रभू होते, तरुण आणि बोलायला फटकळ. त्यांनी पांढऱ्या खड्यांची पूड दिली. दिसायला मीठ, चवीला खारट आणि शिवाय कडवट.

"हे रोज दोन वेळा घ्यायचं," डॉक्टर म्हणाले. "जेवण झाल्यावर, भरपूर पाण्यातून. एक दिवससुद्धा चुकवायचं नाही."

"किती दिवस?"

"आहात तोवर."

परशुरामभट गोंधळले. औषध म्हणजे बरं होईपर्यंत घ्यायचं, एवढं त्यांना ठाऊक होतं. बरं व्हायचंच नाही तर औषध कशाला, आणि औषध घ्यायचंच तर बरं का नाही व्हायचं, हे त्यांना घरी येईपर्यंत काही उलगडलं नाही.

पण त्याहून मोठी अडचण दुसरीच होती. पूड पुडीत बांधून देई तो दवाखान्यातला गडी, नाथा. नाथाची जात परशुरामभटांनी कधी विचारली नाही. कळली असती तर औषध सोडावं लागलं असतं, म्हणून मुद्दामच विचारली नाही. तरी त्याच्या हातची वस्तू जेवणानंतर तोंडात घालायची आणि मग तेच तोंड घेऊन दिवसभर सोवळ्यात वावरायचं, हे त्यांना पटेना. त्यांनी आपली तोड काढली. पहाटे उठायचं, पूड तळहातावर घ्यायची, भांडं बाटायला नको म्हणून कोरडीच चाटायची, आणि लागलीच विहिरीवर जाऊन आंघोळ करायची. औषध पोटात गेलं आणि विटाळ पाण्याबरोबर वाहून गेला! संध्याकाळी संध्येच्या आधी पुन्हा तसंच. ही युक्ती सुचली तेव्हा ते स्वतःवर फार खूश झाले होते.

फेफरं थांबलं. अगदी खरोखर थांबलं. महिना गेला, दोन गेले, गूळ काही जळला नाही. गोदाने देवापुढे साखर ठेवली. आणि मग पोटाने डोकं वर काढलं.

आधी नुसतं जळजळायचं, छातीच्या खाली, कुणी निखारा ठेवल्यासारखं. मग मळमळ सुरू झाली. मग सकाळचं चाटलेलं तास-दोन तासांत उलटून पडायला लागलं, आणि उलटी नसेल त्या दिवशी पोटात मुरडा येऊन परसाकडे धाव घ्यावी लागे. तिकडून आल्यावरही आचाऱ्याला आंघोळ आलीच. एकेका दिवशी पंचा वाळायला सवड मिळत नसे.

हे कशाने होतंय, ते परशुरामभटांना कळेना. औषधाने, असं म्हणायला जीभ रेटत नव्हती, कारण औषधानेच तर ते उभे होते. त्यांनी तूरडाळ सोडली. मग मिरची सोडली, मग हिंग सोडला. ताकाने होत असेल म्हणून ताक बंद केलं, बंद केल्याने होत असेल म्हणून पुन्हा सुरू केलं. ओवा झाला, सुंठ झाली, हिरडा झाला. चाटणवाला वैद्य म्हणाला, पित्त आहे. देवळातले गुरव म्हणाले, नजर आहे. गोदा म्हणाली, "ते पांढरं घेतल्यावरच होतं, माझं मेलीचं ऐकेल कोण?"

ऐकलं मात्र त्यांनी तिचंच. एक दिवस पूड घेतली नाही. दुसऱ्या दिवशीही नाही. पोट गप्प झालं. किती दिवसांनी तरी भात चवीने खाल्ला, आणि त्यांना वाटलं, संपलं एकदाचं हे शुक्लकाष्ठ. त्याच आठवड्यात विहिरीवर पोहरा ओढताना गूळ जळला. काठाच्या आत पडायचे ते काठाच्या बाहेर पडले, कपाळाला खोक पडली. गोदा धावत आली आणि त्यांचं डोकं मांडीवर घेऊन बसली. शुद्धीवर आल्यावर परशुरामभट बराच वेळ विहिरीकडे बघत राहिले. औषध घ्यावं तर पोट जाळतं, न घ्यावं तर जीव घेतं. माणसाने करावं तरी काय? त्यांनी मुकाट्याने पुन्हा पुडी उघडली.

आणि इकडे गावात त्यांचं नाव वाढत चाललं होतं! एका घरी त्यांच्या आंघोळी मोजल्या गेल्या, त्या दुसऱ्या घरी वाढवून सांगितल्या गेल्या. "असा कर्मठ माणूस आता बघायला मिळायचा नाही," असं म्हातारे म्हणू लागले. एका शास्त्रीबुवांनी तर भर पंगतीत आपल्या मुलाला परशुरामभटांकडे बोट दाखवून चार शब्द सुनावले. परशुरामभट तेव्हा पोटाशी हात धरून दाराआड उभे होते. आपल्या ओकाऱ्यांना लोक नमस्कार करताहेत हे त्यांना कळत होतं, आणि खरं सांगायची चोरी होती. लाज वाटत होती आणि जरासं, अगदी जरासं, बरंही वाटत होतं. या दोन्हींचं काय करावं ते त्यांना कळत नव्हतं. बोलावणी मात्र दुप्पट झाली. जितकी बोलावणी जास्त तितका उपास मोठा, कारण शेवटची पंगत उठेपर्यंत आचारी जेवत नाही.

अखेर ते वाळून कोळ झाल्यावर गोदाने त्यांना पुन्हा दवाखान्यात धाडलं. डॉक्टरांनी पोट दाबून पाहिलं आणि विचारलं, "औषध कसं घेता?"

परशुरामभटांनी सांगितलं. पहाटे, अनशापोटी, कोरडं, आंघोळीच्या आधी.

"अहो भटजी, कोरड्या पोटात खार टाकलात तर ते जळणार नाही तर काय थंड पडणार? मी जेवल्यावर म्हणालो होतो!"

"म्हणाला होतात. पण मग सोवळं?"

"सोवळ्याचं मला कळत नाही. पोटाचं कळतं. आधी मऊभात, नाहीतर पेज, नाहीतर वाटीभर दूध. मग हे पाण्यात विरघळवून घोट घोट घ्या. पोटात अन्न असल्याशिवाय याला हात लावायचा नाही."

घरी आल्यावर परशुरामभट दोन दिवस विचार करत होते. तिसऱ्या दिवशी गोदाने विचार संपवला. तिने एक जुना पितळी पेला कोनाड्यात वेगळा ठेवला, सकाळी मऊभात केला, वर दूध घातलं आणि पान पुढ्यात सरकवून म्हणाली, "हे खाऊन घ्यायचं आणि मग ते प्यायचं. पाप लागलं तर मला लागू दे."

जळजळ आठ-पंधरा दिवसांत निवत गेली. मळमळ कधीमधी यायची, पण टिकायची नाही. इतकी साधी गोष्ट होती ही! यासाठी आपण वर्षभर ओवा चघळला, असं मनात येऊन परशुरामभटांना हसावं की रडावं ते कळेना.

राहिला प्रश्न कामाच्या दिवसांचा. यजमानाकडे सोवळ्यात शिरायचं ते उपाशीपोटीच. मऊभात खाऊन, औषध पिऊन नैवेद्याच्या चुलीला हात लावायचा म्हणजे यजमानाला फसवणं झालं, आणि ते काही त्यांच्या हातून होईना. म्हणून कामाच्या दिवशी सकाळचं औषध ते घेतच नसत. एखाद्या दिवसाने काय होतंय, असं स्वतःला सांगत. पण चैत्र आला, आणि कामाचे दिवस एकाला एक लागून आले.

त्यातच कमळाबाईंकडचा कुळधर्म आला. कमळाबाई म्हणजे पारनाक्यावरच्या मोठ्या घरातल्या कर्त्या बाई, सोवळ्याला अशा कडक की त्यांच्या घरी मांजरसुद्धा पाय धुऊन येतं असं लोक म्हणत. पुरणावरणाचा स्वयंपाक, शंभरावर पान. परशुरामभट पहाटेपासून उभे होते. औषध चुकल्याचा तो लागोपाठ चौथा-पाचवा दिवस असेल. पोट अगदी शांत होतं, त्यामुळे विहिरीवर जायचं काही कारण पडलं नव्हतं. कमळाबाई दोनदा डोकावून गेल्या. आज भटजींची आंघोळ कशी होत नाही, याचं त्यांना नवल वाटत असावं.

मोठ्या कढईत डाळ आणि गूळ एकजीव होत आला होता, रघु उलथण्याने घोटत होता, आणि परशुरामभटांना गूळ जळल्याचा वास आला.

ते जागच्या जागी थबकले. समोर गूळ होता. खराच गूळ, खऱ्या कढईत, खाली खरा जाळ. पुरण खाली लागतंय की आपण चाललो? लागत असेल तर आत्ताच्या आत्ता कढई उतरवायला हवी, शंभर पानांचं पुरण आहे. उतरवायला पुढे झालो आणि तसं नसेल तर? त्यांनी वाकून पाहिलं. डोळ्यांना काही कळेना. ज्या नाकाच्या जोरावर सगळी उमर काढली, त्या नाकाला विचारायची सोय उरली नव्हती.

"रघु," ते म्हणाले, "वास येतोय का रे?"

रघुने मान वर केली. एक क्षण त्यांच्या तोंडाकडे पाहिलं आणि त्याचा चेहरा उतरला. "नाही हो, भट. कसलाच नाही."

परशुरामभटांनी हातातली पळी टाकली आणि सोवळ्यातून ते सरळ बाहेर चालत सुटले. माजघरात बायका, पोरं, पारोसे पाहुणे बसले होते. त्यांच्यातून, त्यांना धक्के देत, ज्याला नको त्याला शिवत, चुलीपासून जितकं लांब जाता येईल तितकं लांब. "अहो भटजी, हे काय! शिवलात की!" असं कुणीतरी किंचाळलं. ओटी ओलांडून अंगणात उतरले आणि तुळशीपाशी कोसळले.

शुद्धीवर आले तेव्हा नाकाशी कातड्याचा जोडा होता. कुणीतरी हुंगवत होतं, फेफऱ्यावर उपाय म्हणून. सोवळ्याच्या मुकट्यावर, त्या रेशमी धोतरावर, माती होती, फेस होता. भोवती सगळं घर उभं होतं.

कमळाबाईंनी माणसं बाजूला केली. "भटजी, हे तुम्हाला नेहमी होतं?"

खोटं बोलायचं त्राण नव्हतं. परशुरामभट पडल्या पडल्याच म्हणाले, "होतं. त्याचं औषध घेतो. त्या औषधाने ओकाऱ्या होत, म्हणून त्या आंघोळी. सोवळ्याचं त्यात काही नव्हतं."

या माणसाच्या आंघोळींचं कौतुक गावभर सांगणाऱ्यांत कमळाबाई पहिल्या होत्या. त्या म्हणाल्या, "कुळधर्माचं पुन्हा रांधावं लागेल. रघु बघेल. तुम्ही घरी जा." आणि वळता वळता थांबून जरा खालच्या आवाजात म्हणाल्या, "पुरणावर पडला असतात तर पाप मला लागलं असतं. बाहेर आलात, बरं केलंत. पण आता बोलावणं येणार नाही, समजलं ना?"

आलंही नाही, त्यांच्याकडचं नाही आणि कुणाकडचंच नाही. पुढे स्टेशनाजवळ नाशकाकडच्या नि पुण्याकडच्या उतारूंसाठी परशुरामभटांनी खाणावळ काढली, चुलीपाशी रघु आणि पानावर देखरेख यांची, आणि ती बरी चालली. पण ते पुढचं. त्या दिवशी ते भर दुपारी, मातीने भरलेल्या मुकट्यातच, पारनाक्यापासून घरापर्यंत लोकांच्या नजरा झेलत चालत आले. सगळं गेलं होतं, आणि अजून पोटात काही नव्हतं.

गोदा दारातच होती. तिने त्यांच्याकडे पाहिलं, कपाळाकडे, हातांकडे, पायांकडे, कुठे भाजलंय का ते शोधत. भाजलं नव्हतं. मग ती काही न विचारता आत गेली आणि पान मांडायला लागली.

कामाच्या दिवशी दुपारी परशुरामभट घरी असे कधी नसतच. आज आत येऊन बसले तेव्हा त्यांना दिसलं, भाताचं भांडं भरलेलं होतं, वर डावाची खूणसुद्धा नव्हती. जेवणाची वेळ केव्हाच टळली होती.

"तू जेवली नाहीस?"

"जेवेन की मागनं."

"मी नसतो तेव्हा कधी जेवतेस?"

गोदा पाटाशी घुटमळली. "इकडून येणं झालं की."

"ठाण्याला गेलो तर दिवेलागणीला येतो मी."

"हं."

"तोवर उपाशी? का? मी काही तुला बांधून घातलं नव्हतं."

गोदाचा आवाज चढला. इतक्या वर्षांत तो असा चढलेला त्यांनी ऐकला नव्हता. "तिकडे चुलीपाशी उभं राहणं चालू असतं! मी इथे घास कसा गिळू? दर घासाला वाटतं, आत्ता पडले असतील. पडले आणि मी जेवत होते, असं व्हायला नको म्हणून नाही जेवत."

परशुरामभट म्हणाले, "पोटात जळत नाही?"

"जळतं. चालायचंच."

स्वतःच्या पोटासाठी त्यांनी सगळा गाव पालथा घातला होता. ओवा, सुंठ, वैद्य, गुरव, डॉक्टर. त्याच चुलीच्या धास्तीने दुसरं एक पोट त्याच घरात जळत होतं, आणि त्याला कुणी साधं ताकसुद्धा विचारलं नव्हतं. त्यांना जितकी शरम वाटली, तितकी अंगणात जोडा हुंगतानाही वाटली नव्हती.

ते उठले. गोदाच्या हातून डाव काढून घेतला, तिला दंडाला धरून आपल्या पाटावर बसवलं आणि पानात भात वाढला, वर वरण, वर तूप.

"हे काय भलतंच! आधी मी? लोक काय म्हणतील?"

"म्हणू देत." ते समोर जमिनीवर फतकल मारून बसले. त्यांचा बारीक आवाज आणखी बारीक झाला होता. "अगं, मी चुलीपाशी नाही. आता कधी जायचोही नाही. हा बघ, इथे बसलोय. जेव."

गोदाने त्यांच्याकडे पाहिलं, मग भाताकडे पाहिलं, आणि जेवायला लागली. पहिला घास तिला पटकन गिळता आला नाही, दुसरा आला. पान संपेपर्यंत परशुरामभट तसेच समोर बसून राहिले.